साडेआठ हजारांची इलेक्ट्रिक गिटार वाजती करताना : कामाच्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

८ जून : मोजमापे

गिटार स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची, नवी, दुकानातून ८,५०० रु.ला घेतलेली. तीन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे तारेचा कंप पकडणारे चुंबक, एक व्हॉल्यूम, दोन टोन, पाच जागांचा स्विच, २२ फ्रेट. स्केल ६४८ मिमी, नट ४२ मिमी. तक्रारी तीन : तारा उंच, आवाज टोचरा, घुरघुर फार.

काहीही उघडण्याआधीचे आकडे :

ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची), १२व्या फ्रेटवर : सहावी तार २.८ मिमी, पहिली २.४ मिमी.
रिलीफ, म्हणजे नेकचा (मानेचा) बाक (पहिला आणि १७वा फ्रेट दाबून ८व्यावर उरलेली जागा) : ०.४५ मिमी.
नट, म्हणजे हेडस्टॉकजवळची तारांच्या खाचांची पट्टी (तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर उरलेली जागा) : ०.५ मिमी. इथे वहीचा कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी.

शेवटचा आकडा सगळ्यात वाईट. नट एवढा उंच असला की पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर दाबताना तार ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर, तरी एफ कॉर्ड बेसूर. शिकणारा बोटांना दोष देत बसतो. हे ८ तारखेलाच दिसले होते, तरी नटाला हात लागला १३ जुलैला. मधला महिना आवाजाच्या मागे गेला.

मोजायला लागते ते एवढेच : सहा इंची स्टीलची पट्टी आणि फीलर गेज (मोजलेल्या जाडीच्या पात्यांचा संच). फीलर गेज वाद्यांच्या दुकानात मागू नका. दुचाकीचे टॅपेट सेट करायला तेच लागते, त्यामुळे ऑटोमोबाइल टूलच्या दुकानात १२० रु.ला मिळाले.

९ जून : तारा, ट्रस रॉड

कारखान्याच्या तारा काढून डॅडारिओचा ९-४२ चा सेट (सगळ्यात बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) घातला, ५५० रु. याच कंपनीचे खोटे सेट बाजारात फिरतात. डॅडारिओच्या पाकिटात कोड असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून बघता येतो. टोकाच्या गोळ्याही प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाच्या असतात. सगळ्या एकाच पितळी रंगाच्या निघाल्या तर सेट परत करा.

ट्रस रॉडला (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) हेडस्टॉककडून ४ मिमीची ॲलन की बसली. पाव फेरा घड्याळाच्या दिशेने (घट्ट), दहा मिनिटे थांबून मोजले : ०.३५. आणखी पाव फेरा : ०.२५. तिथेच थांबलो. की पूर्ण आत गेल्याची खात्री केल्याशिवाय जोर लावायचा नाही. षटकोन एकदा गोल झाला की ते काम घरचे राहत नाही.

सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजमधले, तार टेकते ते तुकडे) खाली घेऊन ॲक्शन सहावीला २.० आणि पहिलीला १.६ मिमी. एक तास. फुकटातला सगळ्यात मोठा फरक इथेच पडला.

१५ जून : पिकगार्ड (पिकअप आणि नॉब बसवलेली प्लॅस्टिकची पट्टी) उघडला

आत १६ मिमीचे तीन छोटे पॉट (नॉबने फिरणारे बदलते रेझिस्टर), पाठीवर ‘बी ५०० के’, के म्हणजे किलो-ओहम. यात दोन घोळ. ‘बी’ म्हणजे लिनिअर, फिरवाल त्याच प्रमाणात बदलणारा. कानाला बरोबर वाटतो तो लॉग, म्हणजे ‘ए’. व्हॉल्यूमला लिनिअर पॉट असला की १० वरून ३ पर्यंत कानाला फारसा फरक कळत नाही आणि त्याखाली आवाज एकदम गायब होतो. दुसरे, सिंगल कॉइलला २५० के लागतो. ५०० के लावला की वरचे स्वर जास्त मोकळे सुटतात, टोचरेपणा त्यातलाच. टोनचा कपॅसिटर ‘४७३’, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. तो ठीक आहे. कोणी ०.०२२ घालते (‘२२३’), त्याने टोन शून्यावर नेला तरी आवाज पार घोंगडीत गुंडाळल्यासारखा होत नाही. एका टोनला २२३ घालायचे ठरवले.

वाद्यांच्या एका दुकानात २५० के लॉगचा मोठा, आयात केलेला पॉट एकच शिल्लक होता, ६५० रु. घेतला. ही पहिली चूक. मोठा पॉट चांगलाच असतो, पण त्याची मान ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिमी. पिकगार्डचे भोक साडेसात. घेण्याआधी भोक मोजायला हवे होते. शिवाय त्याच्या दांड्यावर बारीक २४ दाते, आणि गिटारबरोबर आलेल्या नॉबमध्ये जाड १८. नॉब बसत नाही, ठोकून बसवला तर दांड्याच्या दोन पाकळ्या चेपतात.

१६ जून : दोन नुकसाने

भोक वाढवायला साधे ड्रिल बिट लावले. प्लॅस्टिकमध्ये साधे बिट कापत नाही, स्क्रूसारखे आत खेचले जाते. पिकगार्डला भोकापासून दीड सेंमीची चीर. योग्य रीत : निमुळता हाती रीमर किंवा स्टेप ड्रिल, मागे लाकडी ठोकळा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप. चिरेवर मागून पातळ प्लॅस्टिकचा तुकडा फेविक्विकने चिकटवला. वरून नॉबखाली निम्मी झाकते. नवा पिकगार्ड घेणे हा उपाय सोपा वाटतो, पण अशा नकलांमध्ये स्क्रूची भोके मूळ नमुन्याशी जुळतीलच असे नाही. जुना पिकगार्ड वर ठेवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

मग अर्थची वायर पॉटच्या पाठीवर सोल्डर करायची होती. हाताशी २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न. पॉटची पाठ सगळी उष्णता पिऊन टाकते, सोल्डर वितळून नुसताच मण्यासारखा लोळतो. वीस-पंचवीस सेकंद टेकवून धरले. सोल्डर लागला, पॉट मेला : मीटरवर आकडा मध्येच उड्या मारतो, ७ च्या पुढे सर्किट तुटते. ६५० रु. गेले.

पाठीवर सोल्डर करायचाच तर ६० वॉट, पाठ आधी पॉलिश पेपरने घासून, फ्लक्स लावून, चार सेकंदांत. त्याहून बरे म्हणजे पाठीच्या वाटेला जायचेच नाही. पॉटच्या नटाखाली रिंगवाली अर्थ टॅग घालून वायर तिला जोडायची. पुढे तेच केले.

१८ जून : तपकीर गल्ली

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळाले ते : ६० वॉटचे आयर्न (४८० रु.), कॉन्टॅक्ट क्लीनर (३५० रु.), ४७३ आणि २२३ चे पॉलिएस्टर कपॅसिटर, ४७० के रेझिस्टर, शील्डेड वायर, फ्लक्स, रिंग टॅग, हीट श्रिंक. किरकोळ सगळे मिळून १८० रु. याच कपॅसिटरचे ‘गिटारसाठी’ म्हणून सुंदर पाकिटात पाचपट पैसे पडतात.

मिळाले नाही ते : २५० के लॉग पॉट. ‘लॉग’ म्हणून दोन ठिकाणी जे दाखवले ते लिनिअर निघाले. मल्टीमीटर खिशात हवा. दांडा बरोबर मध्यावर ठेवा, मधला पाय आणि एक टोकाचा पाय यांत मोजा, मग दुसऱ्या टोकाशी. दोन्हीकडे निम्मे-निम्मे आले तर लिनिअर. एकीकडे १० ते २० टक्के आणि उरलेले दुसरीकडे, तर लॉग. काउंटरवर अर्धा मिनिट लागतो, कोणी नाही म्हणत नाही.

२२ जून : लॅमिंग्टन रोड

मुंबईला दुसऱ्या कामाने जाणे होते. इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. ‘ए ५०० के’ १६ मिमी पॉट, मोजून घेतले, खरे लॉग. तीन नग १२० रु. २५० के इथेही नाही, पण तो घरी करता येतो : व्हॉल्यूम पॉटचा पिकअपकडचा पाय आणि अर्थ यांच्यामध्ये ४७० के रेझिस्टर. ५०० आणि ४७० समांतर म्हणजे साधारण २४२ के. पिकअपला २५० के असल्यासारखाच भार दिसतो आणि लॉगची चढण बिघडत नाही. टोनचे दोन्ही ५०० केच ठेवले. किंचित उजळ राहतात, चालते.

परत येताना धोबी तलावला फुर्ताडोसमध्ये डोकावणे झाले. १८६५ पासूनचे दुकान. महागड्या गिटार हातात घेऊन बघायला असे मोठे दुकान हवेच. पेठेतल्या पेटी-तबल्याच्या दुकानात गिटार भिंतीवर असतात, पण तिथे विकणाऱ्याचे मन पेटीत. गिटार बघायला जाताना खिशात तीन वस्तू : स्टील पट्टी, ०.२५ चे पाते, क्लिप ट्यूनर. तारा जुन्या असल्या तर इंटोनेशनवरून (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का, यावरून) मत बनवू नका. मुंबईच्या खाऱ्या हवेत टांगलेल्या गिटारच्या तारा गंजतातच आणि गंजलेली तार १२व्या फ्रेटवर खोटे बोलते. नेक मात्र खोटे बोलत नाही. फ्रेटची टोके बोटाला टोचतात का, तेही तळव्याने फिरवून बघा.

२३ जून : जोडणी

आता व्हॉल्यूमचे भोक साडेनऊ आणि नव्या पॉटची मान सात. दोन्ही बाजूंना रुंद वॉशर घालून भागवले. जोडून झाल्यावर व्हॉल्यूम उलटा : डावीकडे फिरवला की मोठा. पॉट समोरून बघून पाय ठरवले आणि सोल्डर मागून केला. मागून बघताना डावे-उजवे बदलते. अर्धा तास. स्विच बदलला नाही, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पन्नास वेळा हलवला, खरखर गेली. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे पॉटमध्ये किंवा स्विचमध्ये मारू नका, पुढे तिथेच धूळ धरते.

आवाज : टोचरेपणा गेला, व्हॉल्यूम ६ वर ठेवून वाजवता येतो. घुरघुर होती तशीच.

३० जून : तांब्याची टेप

दोन्ही पालख्या पुण्यात, पेठांतले रस्ते बंद, त्यामुळे बाजारातली बाकीची खरेदी पुढच्या आठवड्यावर. घरात होते त्यावर काम : ५० मिमी रुंद तांब्याची टेप, ४२० रु. पिकअप आणि पॉटच्या खाचा आतून, पिकगार्ड मागून, सगळे मढवले. चार तास. टेपच्या कडेने बोट कापते, हातमोजे घाला.

मीटर लावला तर एका पट्टीची शेजारच्या पट्टीशी कन्टिन्युटी नाही. टेपचा गोंद वीज वाहून नेत नव्हता. प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक थेंब दिला, अठरा सांधे. घेताना गोंद वाहक आहे का, ते विचारा आणि दुकानातच दोन तुकडे एकमेकांवर चिकटवून मोजा.

६ जुलै : आवाज गायब

सगळे बंद करून केबलची पिन जॅकमध्ये घातली. शून्य आवाज. पिन अर्धी बाहेर काढली की येतो. पिकगार्ड दोनदा उघडला, सगळे सांधे तपासले, दीड तास. दोष जॅकच्या खाचेत : पिन आत गेली की जॅकची जीभ बाहेर फाकते आणि खाचेतल्या तांब्याला टेकते, म्हणजे सिग्नल थेट अर्थला. त्या जागी इन्सुलेशन टेपचे दोन थर दिले आणि आवाज आला. खाच मढवताना जॅकमध्ये पिन घालूनच बघा जीभ कुठवर जाते ते.

टेपने झाले काय? ट्यूबलाइट आणि फॅनच्या रेग्युलेटरची चरचर बरीच कमी. मूळ ५० हर्ट्झची घूं तशीच. सिंगल कॉइल ती पकडणारच, तांब्याने ती अडत नाही. स्विचच्या दुसऱ्या-चौथ्या जागी (दोन पिकअप एकत्र) ती जायला हवी, पण मधला पिकअप उलट वेटोळ्याचा आणि उलट चुंबकाचा असेल तरच. होकायंत्र तिन्ही पिकअपवर धरले : तिन्हींकडे सुईचे एकच टोक वळते. म्हणजे या गिटारमध्ये ती सोय नाही. पिकअप बदलण्याएवढे पैसे या गिटारवर घालायचे नाहीत.

७ जुलै : खरा दोष भिंतीत

तारांना हात लावला की घूं कमी होते, हे नेहमीचे. पण ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलीत नेला तर निम्मीच. मग सॉकेट मोजले. फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट. फेज-अर्थ जवळपास तेवढेच यायला हवे. आले ९४, आणि आकडा स्थिर राहीना. सॉकेटला अर्थ पोचतच नव्हती. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडले, हिरवी वायर मागे सुटून लोंबत होती. ३०० रु., दहा मिनिटे. घूं निम्म्याहून खाली.

हे पहिल्या दिवशी करायचे काम. घुरघुर कमी करण्यात या ३०० रु.नी ४२० रु.च्या टेपपेक्षा आणि साडेपाच तासांपेक्षा जास्त काम केले. शिवाय प्रश्न फक्त आवाजाचा नाही : गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थशी जोडलेल्या असतात. अर्थ सुटलेली असताना एक हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला लागले तर झटका बसू शकतो. भिंतीतले काम स्वतः करू नका. मोजतानाही मीटर एसी व्होल्टवरच आहे ना, ते दोनदा बघा.

१३ जुलै : नट

हाडाच्या दोन कोऱ्या पट्ट्या मिरजेहून आल्या, प्रत्येकी १०० रु. सतार-तंबोरे करणाऱ्यांकडे हाड असतेच, गिटारच्या नटापेक्षा मोठा तुकडा मिळतो आणि स्वस्त. जुना नट काढताना दोन्ही कडांना कटरने रेघ मारून लॅकर तोडा, मग लाकडी ठोकळ्याने बाजूने हलकेच ठोका. वर उपटलात तर लाकडाचा टवका येतो.

खाच ३.२ मिमी रुंद, तळ सपाट. पट्टी ३.९ होती. काचेवर २२० चा पॉलिश पेपर चिकटवून घासली, शेवटी ४००. दर चाळीस-पन्नास घासण्यांनी मोजायचे. खाचेत बोटाने दाबून बसली पाहिजे आणि गिटार उलटी केली तर पडता कामा नये. हाडाची पूड नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावून गॅलरीत बसा. वासही खास असतो.

तारांच्या खाचा : पहिली ते सहावी ३५ मिमी. मधल्या तारांची मध्य-ते-मध्य अंतरे सारखी ठेवायची नाहीत, तारांमधली मोकळी जागा सारखी ठेवायची, कारण सहावी जाड आणि पहिली बारीक. नटाच्या खास कानशी महाग. बोहरी आळीत गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करायच्या तारांचा संच १५० रु.ला मिळाला, दातेरी गोल तारा, वेगवेगळ्या जाडीच्या. बारीक तारांना तेवढ्याने भागते. जाड तीन तारांसाठी जुन्या तारेचाच तुकडा पॉलिश पेपरसकट ओढला.

१४ जुलै : सतार झाली

चौथी तार मोकळी वाजवली की झणझणते, दाबली की स्वच्छ. आवाज अगदी तंबोऱ्यासारखा. आणि कारणही तेच. तंबोऱ्याच्या घोडीवर तार रुंद, किंचित उताराच्या पृष्ठभागाला घासत वाजते, तीच जवारी, आणि ती मुद्दाम काढतात. इथे खाच मागच्या बाजूला उंच राहिली होती : तार पुढच्या काठावर सुटण्याऐवजी आत कुठेतरी टेकत होती आणि पुढचा काठ तिला नुसता चाटत होता. खाच हेडस्टॉककडे उतरती हवी, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या काठावरच सुटते. मागची बाजू दोन-तीन ओढण्यांत उतरवली, जवारी गेली.

दुसरी तार मात्र जास्त खोल गेली. तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्यावर फटच नाही, मोकळी वाजवली की फ्रेटला आपटते. नवा नट करायची गरज पडली नाही : खाचेत कालच्या घासणीतली हाडाची पूड भरली, फेविक्विकचा एक थेंब, लगेच दगड. पूड उरली नसेल तर खायचा सोडाही चालतो. आजूबाजूला मास्किंग टेप लावली नाही तर थेंब फ्रेटबोर्डावर ओघळतो. पुन्हा खाच काढली, या वेळी दर दोन ओढण्यांनी मोजत. सहाही ठिकाणी ०.१ मिमीच्या आसपास.

एफ कॉर्ड सुरात. पॉट आणि टेपवर गेलेल्या सगळ्या वेळाच्या तुलनेत वाजवणाऱ्याला हेच जाणवते. तारा मात्र पाच वेळा काढ-घाल करून मेल्या. दुसरा सेट, ५५० रु. नटाचे काम आधी केले असते तर एकाच सेटमध्ये भागले असते.

२७ जुलै : पाऊस

तीन दिवस झोडपून पाऊस, २५ तारखेला खडकवासल्याच्या विसर्गाने नदीकाठच्या वस्त्यांत पाणी. खोलीतला आर्द्रतामापक ८८ टक्के. रिलीफ ०.२५ चा ०.३६ झाला. ट्रस रॉडला लगेच हात लावला नाही. गिटार पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, तीन दिवस. ०.३० वर आले आणि तिथे थांबले. तेवढ्यासाठी एक अष्टमांश फेरा. पावसाळ्यात नेक रोज मोजून रोज फिरवत बसू नका. आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा मोजायला विसरू नका, नाहीतर तोच अष्टमांश उलटा भोवतो.

४ ऑगस्ट : ब्रिज, इंटोनेशन, हिशेब

ट्रेमोलो (ब्रिज हलवून सूर वरखाली करायची दांडी) वापरायचा नाही असे ठरले. स्प्रिंगा धरणाऱ्या मागच्या पंजाचे दोन्ही स्क्रू दोन-दोन फेरे आत, ब्रिज बॉडीवर टेकला. आता तार ओढली तरी बाकीच्या उतरत नाहीत.

इंटोनेशन : १२व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसते बोट टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ताडून बघायचे. दाबलेला चढा तर सॅडल नटापासून दूर, उतरा तर जवळ. सहावीचे सॅडल मागे जाईना, स्प्रिंग पूर्ण दबली होती. स्प्रिंग पक्कडीने निम्मी कापली, सॅडल गेले.

खर्च एकूण ४,०७० रु. त्यातले १,२०० चुकांचे : मेलेला पॉट आणि वाया गेलेला सेट. पुन्हा अशीच गिटार आली तर क्रम असा : सॉकेटची अर्थ, मोजमाप आणि ट्रस रॉड, मग नट, मग नव्या तारा. हे १,३२० रु.त होते. पॉट आणि टेप त्यानंतरही हवे वाटले तरच.

१० ऑगस्ट : १४वा फ्रेट

१३व्या फ्रेटवर पहिली तार एक स्वर ओढली की आवाज मध्येच मरतो. स्टील पट्टीच्या कापलेल्या तुकड्याची कड १३-१४-१५ अशा तीन फ्रेटवर ठेवली तर १४व्यावर डुलते. फ्रेटचे टोक बारीक तारांच्या बाजूला उचललेले. कानस लावण्याआधी नायलॉनच्या हातोडीने दोन टोले : बसतो आणि पुन्हा वर येतो. फटीत पातळ फेविक्विक सोडले, वर लाकडी ठोकळा, क्लॅम्प, रात्रभर.

सकाळी १४वा जागेवर. तार ओढली तरी आवाज टिकतो. पट्टी आता १६व्यावर किंचित डुलते.